वाडीतला दुसरा दिवा

सिंदेवाही
१० ऑक्टोबर २००५

शफीले आपाची दुआ अन् सलाम.

पत्र पाहून घाबरू नोको, सगळे ठीक आहो. तुझ्या दुकानातल्या फोनवर मी शेजारच्या मुखरूभाऊच्या घरून तीनदा लावला. नुसती घंटी वाजत राह्यते, कोणी उचलत नाई. म्हणून लिहायले बसली. आपण दोघं मराठी शाळेत शिकलो, ते असं कामी येते.

काम हे आहे. इथी रोज संध्याकाळी सहाले लाइन जाते ते साडेनऊपर्यंत येत नाई. रोजा सोडायच्या वेळेलेच घरात अंधार. घराचं कंदिलावर चालून जाते, पण आपली वाडी तुले माहीत आहे. मागच्या दारातून निघालं का विहीर, मग वाल-पोपटाच्या शेंगांचा मांडव, मग तुझ्या दुल्हेभाईनं लावलेलं जामाचं झाड, अन् पार कुंपणाले लागून संडास-न्हाणी. साठ पावलं होतात. दुल्हेभाईचंच म्हणणं, घरापासून दूर असावं. ते तर मले मागे ठेवून गेले. सुनेले, आफ्रीनले, आता पाचवा महिना लागला, घडीघडी तिकडे जावं लागते. अजीम नागपूरले फरश्या बसवायच्या कामावर, महिन्यातून एकदा येते. घरात आम्ही दोघीच.

अन् मागच्या मंगळवारी दिवेलागणीले मुखरूभाऊची शेळी बिबट्यानं नेली. आपल्या कुंपणाच्या पलीकडून. आवाज नाई, काई नाई. नुसती दोरी राह्यली खुंट्याले.

बाजारात एक जण सांगत होता का उन्हावर चालणारे दिवे निघाले. दिवसा ऊन घेतात, रात्री जळतात. खरं आहे काय? वीस वर्षं तू बॅटऱ्यांचंच काम करून राह्यला, तुले माहीत असन. कोणता घ्यावा ते तू निवड, अन् तूच येऊन लावून दे. दोन वर्षं झाली, दुल्हेभाईच्या मयतीले आला तेवढाच. वाडी पाहायले तरी ये.

तुझी आपा,
खैरुन

◆

बल्लारपूर
१६ ऑक्टोबर २००५

प्रिय आपा, सलाम.

तुझं पत्र मिळालं. दुकानातला फोन बिघडला आहे, तक्रार दिली आहे.

उन्हावर चालणारे दिवे खरे आहेत. पण ते दोन प्रकारचे असतात, नीट समजून घे. एक म्हणजे जमिनीत खोचायचे छोटे दिवे. वर वहीच्या पानाएवढीही नसलेली काच, आत पेन्सिल सेल. ते बंगल्याच्या हिरवळीवर शोभेला ठीक. तुझ्या कामाचे नाहीत, घेऊ नकोस. दुसरा प्रकार म्हणजे एक मोठं पॅनेल छपरावर, एक बॅटरी घरात, आणि तिथून वायर टाकून वाडीत दोन दिवे. एक विहिरीजवळ, एक न्हाणीच्या दाराशी. दोन्ही नऊ-नऊ वॉटचे. दिवसभर नीट ऊन मिळालं तर चार-पाच तास सहज जळतील.

पण ऊन नीट मिळालं पाहिजे. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर जरी सावली पडली तरी सगळं काम अर्धं होतं. म्हणून मला वाडीचा नकाशा पाठव. दक्षिण कुठे, छप्पर कुठे, झाडं किती उंच आणि कोणत्या वेळी कोणाची सावली कुठे पडते, ते लिही. एक दिवस बसून पाहा आणि लिही.

सध्या कामाची गर्दी आहे, येणं लगेच जमणार नाही. आफ्रीनला एकटीला मागे जाऊ देऊ नकोस. हातात काठी आणि कंदील असू दे, आणि मोठ्यानं बोलत जा.

तुझा,
शफी

◆

सिंदेवाही
२४ ऑक्टोबर २००५

शफीले दुआ.

नकाशा मागच्या पानावर काढला आहे, हसू नोको. रविवारी सकाळपासून मी मोढ्यावर बसून सावल्या पाहत होती. मुखरूभाऊनं विचारलं, "काय बाई, राखण करून राह्यल्या काय?" मी म्हटलं, "उन्हाची."

सकाळी छपरावर ऊन असते. पण दोन वाजले का जामाचं झाड आडवं येते, ते पार संध्याकाळपर्यंत. आफ्रीन म्हणे, "अम्मी, झाडच तोडून टाका, दरवर्षी नुसती वटवाघळं येतात." कालपासून मी तिच्याशी बोलली नाई. तुले माहीत आहे ते झाड कोणी लावलं. झाडाले हात लावायचा नाई, बाकी काईही सांग.

अन् एक सांगते, रागावू नोको. शुक्रवारच्या बाजारात मी ते खोचायचे दिवे घेतले, चार. तू नाई म्हटलं होतं, पण तुझी वाट तरी किती पाहू? पहिल्या संध्याकाळी चारही जळले. सांबाराच्या वाफ्यात, हिरव्या कोथिंबिरीत, निळे-निळे ठिपके. त्यांच्या उजेडात स्वतःचा पायही दिसत नाई. तिसऱ्या दिवशी दोन मेले, अन् एक आफ्रीनच्या पायाखाली येऊन मोडला.

बिबट्या इथंच आहे. वनखात्यानं नाल्यापाशी पिंजरा लावला, आत बकरी बांधली. बकरी ओरडते, ते आमच्या घरात ऐकू येते. मले तर बसल्या जागी चैन पडत नाई. ईदले येशीन काय? खरं सांग.

खैरुन

◆

बल्लारपूर
९ नोव्हेंबर २००५

प्रिय आपा,

ईद मुबारक. येता आलं नाही, माफ कर.

खोचायच्या दिव्यांबद्दल काही बोलत नाही. तुलाच कळलं.

तुझा नकाशा चांगला आहे. त्यावरून मी हिशोब केला. झाड तसंच ठेवलंस तर दुपारनंतरचं ऊन जाईल आणि दिवे रात्री दोन तासांत मान टाकतील. झाड तोड किंवा निदान छाटून घे. दुल्हेभाई असते तर त्यांनीच कुऱ्हाड काढली असती, हे तुलाही माहीत आहे.

सामान मी चंद्रपूरहून स्वतः निवडून आणलं आहे. पुढच्या आठवड्यात ओळखीचा ट्रकवाला भात उचलायला सिंदेवाहीला येतोय, त्याच्याकडे देतो. पॅनेल, बॅटरी, चार्ज कंट्रोलर म्हणजे ती तीन बत्त्यांची डबी, दोन दिवे आणि जाड वायर. कोणी म्हणेल बारीक वायर चालते, ऐकू नकोस. बारा व्होल्टचा करंट लांबवर न्यायचा तर वायर जाडच लागते, नाहीतर न्हाणीपर्यंत पोचेपर्यंत तो दमतो.

तुमच्याकडचा वायरमन बिरजू, त्याच्याकडून लावून घे. पण बॅटरीच्या बाबतीत सांगतो ते दहादा वाच. बॅटरी आडवी करायची नाही. स्वयंपाकघरात ठेवायची नाही. खिडकी असलेल्या खोलीत ठेव. जवळ काडी ओढायची नाही, कंदील न्यायचा नाही, उदबत्तीसुद्धा नाही. वायर जोडताना किंवा काढताना तोंड बॅटरीवर न्यायचं नाही. बिरजूला म्हणावं, चष्मा घाल. नसेल तर मी पाठवलेला घाल. आफ्रीनला त्या खोलीत येऊ देऊ नकोस.

शफी

◆

सिंदेवाही
२७ नोव्हेंबर २००५

शफी,

सामान आलं. मुखरूभाऊनं अन् त्याच्या जावयानं मिळून बॅटरी आत आणली. खोक्यावर खोकं ठेवून दहा दिवस झाले. बिरजूनं ते पॅनेल पाहिलं, डबी पाहिली, अन् तुझी चिठ्ठी वाचली. चष्मा घाल, तोंड दूर ठेव, काडी ओढू नोको. वाचून तो असा घाबरला का "उद्या येतो" म्हणून जो गेला तो आलाच नाई. एवढं भेव कशाले घातलं रे त्याले? बॅटरी म्हणजे काय बॉम्ब आहे?

एक विचारू? तू "मला", "तुला" लिहून राह्यला, "नकोस" लिहून राह्यला. कधीपासून असा शहाणा झाला? अक्षरही मोत्यावाणी. आधी तुझं पत्र वाचायले मले दोन दिवस लागत. बायकोले सांगून लिहून घेतो काय, कहकशाँले? दुकानात एवढी गर्दी का बहिणीले दोन ओळी लिहायले हात रिकामा नाई?

तुले यायचंच नाई, हे मले समजलं. मयतीच्या दिवशी तू उशिरा आला, मी सगळ्यांसमोर तुले बोलली. ते तू मनात धरून ठेवलं. तसं असन तर तसं लिही. सामान पाठवून मोकळा होऊ नोको. सामान दुकानदारही पाठवते.

खैरुन

◆

बल्लारपूर
३ डिसेंबर २००५

प्रिय आपा,

मनात काही धरलेलं नाही. तू बोललीस ते बरोबरच होतं, मी उशिराच आलो होतो.

हाताला जरा लागलं आहे म्हणून कहकशाँ लिहिते. बाकी काळजी नको. नागभीडचा एक चांगला मिस्त्री ओळखीचा आहे, त्याला निरोप धाडला आहे. पंधरा डिसेंबरपर्यंत तो येईल. तोपर्यंत बॅटरीला कोणी हात लावू नका.

शफी

◆

सिंदेवाही
१० डिसेंबर २००५

शफी,

परवा संध्याकाळी आफ्रीन वाडीत पडली.

सहा वाजून गेले होते, लाइन गेलेली. हातात कंदील होता, तो विहिरीपाशीच विझला. मांडवाजवळ तिले काईतरी खसफसलं असं वाटलं. कुत्रं असन, रानडुक्कर असन, तो असन, कोणाले ठाव. ती पळाली अन् जामाच्या मुळीत पाय अडकून पोटावर आली. मी आवाज ऐकून धावली, मुखरूभाऊ टॉर्च घेऊन आला. तिचे कपडे रक्तानं भिजले होते. जीप करून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाचे ठोके आहेत, पण आता बाळंत होईपर्यंत पलंग सोडायचा नाई.

ती रात्रभर माझा हात धरून होती. अजीमले फोन केला, तो आला अन् माझ्यावर ओरडला. त्याचं बरोबर आहे.

तुझे दिवे खोक्यात आहेत. बल्लारपूरहून सकाळची गाडी धरली तर दुपारच्या जेवणाले माणूस सिंदेवाहीत पोचते. दोन महिने झाले मले तुझी मिन्नत करता करता. एक दिवस नाई निघाला तुझ्याच्यानं. त्या पोरीच्या पोटातल्या जिवाले काई झालं असतं तर मी तुझं तोंड पाहिलं नसतं. पुढे पाहीन का नाई, तेही आज सांगत नाई.

मिस्त्री पाठवू नोको. काईच पाठवू नोको.

खैरुन

◆

बल्लारपूर
१५ डिसेंबर २००५

आदरणीय आपा, सलाम.

हे पत्र मी कहकशाँ लिहिते आहे, माझ्या मनानं. ह्यांना माहीत नाही. तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. तेव्हापासून त्यांनी अन्न घेतलेलं नाही, उठून दारापर्यंत जातात आणि परत येऊन बसतात. म्हणून आज मी त्यांना दिलेली कसम मोडते.

आपा, ह्यांना दिसत नाही.

जुलैमध्ये, सोळा तारखेला, दुपारी दुकानात एका ट्रकची बॅटरी चार्जिंगला लावली होती. घाईत चार्जर बंद न करता ह्यांनी चिमटा काढला. ठिणगी उडाली आणि बॅटरी फुटली. सगळं ॲसिड तोंडावर आलं. शेजारच्या चहावाल्यानं बादल्या ओतल्या म्हणून चेहरा वाचला. नागपूरला एक महिना होतो. डावा डोळा गेला. उजव्या डोळ्यानं उजेड आहे की अंधार आहे एवढंच कळतं. माणूस उभा आहे हेही कळत नाही. डॉक्टर म्हणतात, याहून जास्त सुधारणार नाही.

तेव्हापासून दुकान बंद आहे. फोन बिघडलेला नाही, बंद दुकानात वाजतो.

तुम्हाला कळवू दिलं नाही. म्हणाले, "आपानं मले आई गेल्यावर कडेवर घेऊन वाढवलं. दुल्हेभाईच्या दुःखातून ती आता कुठी बाहेर येऊन राह्यली. सुनेचे दिवस आहेत. आता तिले हे सांगायचं?" मग तुमचं दिव्यांचं पत्र आलं. जुलैनंतर पहिल्यांदा ते त्या दिवशी उठून बसले. मला म्हणाले, "पुन्हा वाच." नकाशा आला तेव्हा माझ्याकडून त्यांनी तो ताटात तांदूळ पसरून काढून घेतला आणि बोटानं पाहत राहिले. विहीर इथे, मांडव इथे, झाड इथे.

चंद्रपूरला आम्ही दोघं गेलो. चार दुकानं फिरलो. बॅटरी ते उचलून वजनावरून पाहत. पॅनेल दुकानदाराला बाहेर उन्हात धरायला लावलं आणि मीटरवरचा आकडा मला वाचायला सांगितला. दोन परत केली, तिसरं घेतलं. वायर तोंडात धरून सोलली आणि तारेची जाडी जिभेनं तपासली. दुकानदार हसत होता. हे हसले नाहीत.

पण बॅटरी जोडून पाहा म्हटलं तर हात मागे घेतात. जुलैनंतर एकाही बॅटरीला त्यांनी वायर लावलेली नाही.

तुमच्या रागाला मी नावं ठेवत नाही. पण तो त्यांच्यावर राहू नये म्हणून हे लिहिलं. आफ्रीनला माझी दुआ.

कहकशाँ

◆

सिंदेवाही
२१ डिसेंबर २००५

कहकशाँ, हे पत्र त्याले मोठ्यानं वाचून दाखव. मी तुले त्या कसमेतून मोकळं केलं, माझ्या नावावर टाक.

शफी, पत्र आलं त्या दिवशी मी चूल पेटवली नाई. मुखरूभाऊच्या घरून भात आला. पहिल्यांदा वाटलं, गाडी धरून बल्लारपूरले येऊ. पण आफ्रीनले सोडता येत नाई. मग तीन दिवस पत्र लिहायले बसत होती अन् उठत होती. कारण तुझ्याएवढंच मीही लपवलं, अन् माझं लपवलेलं तुझ्याहून वाईट आहे.

त्या संध्याकाळी आफ्रीननं मले आवाज दिला होता. "अम्मी, मागे जायचं आहे, येता काय?" मी चुलीपाशी होती. मले ऐकू आलं, चांगलं ऐकू आलं. सकाळी तिनं पुन्हा झाड तोडायचं काढलं होतं, "मामूंनीही तेच लिहिलं आहे" म्हणाली, अन् मी धुसफुसत होती. मी ऐकू न आल्यासारखं केलं. तिनं दुसऱ्यांदा हाक मारली नाई. कंदील घेऊन एकटी गेली.

हे मी अजीमले सांगितलं नाई. तिनंही सांगितलं नाई, अन् त्याचंच मले जास्त टोचून राह्यलं. तो ओरडला तेव्हा ती पलंगावरून म्हणे, "अम्मी नमाजेत होत्या."

मी माझं ओझं तुझ्यावर टाकलं, शफी. दूर होता म्हणून तू सोयीचा पडला.

काल मी तिच्यापाशी बसून सगळं बोलली. ती रडली, मीही रडली. मग म्हणे, "झाड राहू द्या अम्मी." मी म्हटलं, "नाई, शफी येईन अन् तो म्हणन ते होईन."

म्हणून तू ये. बॅटरीले हात लावू नोको, नुसता बसून सांग, हात आम्ही लावू. दिसत नाई तर नाई. वाडी तुले माहीत आहे, मले तू माहीत आहे. कहकशाँले घेऊन ये. मी टेसनावर उभी राहीन.

आपा

◆

बल्लारपूर
२५ डिसेंबर २००५

आपा,

कहकशाँवर रागावलो नाई. तिनं केलं ते बरं केलं. आता तिले म्हटलं, मी बोलतो तसंच लिहीत जा.

बुधवारच्या गाडीनं येऊन राह्यलो. टेसनावर रडायचं नाई, कबूल कर.

शफी

◆

सिंदेवाही
८ जानेवारी २००६

शफी,

तुम्ही गेल्यापासून घर रिकामं-रिकामं लागते. टेसनावर रडली नाई, हे कबूल कर. घरी येऊन रडली, ते करारात नव्हतं.

तुले काई गोष्टी दिसल्या नाई, अन् तेव्हा बोलायले आमच्यापैकी कोणाले सुचलं नाई. त्या लिहून पाठवते. कहकशाँ, सावकाश वाचजो.

पहिले झाडाचं. तू जामाखाली उभा राहून खोडावरून हात फिरवत वर गेला, मग मुखरूभाऊले वर चढवून एकेक फांदी हलवायले लावली, अन् उन्हात तोंड वर करून उभा राह्यला. तोंडावर सावली आली का "हे नाई, याच्या वरची" म्हणे. चांगला अर्धा तास. मग म्हणाला, "आपा, नकाशावरून मी चुकीचं सांगितलं. झाड ठेव. ह्या दोनच फांद्या." तू हे म्हणाला तेव्हा मी पदर तोंडात धरला होता. फांद्या पडल्या, त्यांच्यावर कच्चे जाम होते. आफ्रीननं त्याची चटणी करायले लावली.

मग तू शिडीवर चढला. मी खालून शिडी धरून होती अन् तुले शिव्या देत होती, ते तुले ऐकू आलं. पण मुखरूभाऊनं अन् त्याच्या जावयानं खाली चादर ताणून धरली होती, ते तुले माहीत नाई. पॅनेलवर तळहात ठेवून तू ते तिरपं करत गेला, थोडं उठव, थोडं निजव, अन् एका जागी म्हणाला, "बस. इथी सगळ्यात गरम आहे." कहकशाँनं मीटर वाचला, अन् आकडा तिथंच सगळ्यात मोठा होता.

बॅटरीच्या वेळेस मी सांगितलं होतं, तू लावू नोको. तू म्हणाला, "मग कोण लावन? बिरजू?" चष्मा घातला, सगळ्यांले खोलीबाहेर काढलं. आम्ही खिडकीतून पाहत होतो. कहकशाँ खिडकीपाशीही थांबली नाई, ती वाडीत जाऊन पाठमोरी बसली अन् सांबाराची जुडीच्या जुडी निसून टाकली. तुझ्या हातातून पाना दोनदा खाली पडला. दुसऱ्यांदा तू तो उचलला नाई. किती वेळ नुसता बसून होता. मले वाटलं, आता उठन अन् बाहेर येईन. मग तू जमीन चाचपून पाना उचलला.

आता खरी गोष्ट. मगरीबची अजान झाली, लाइन गेली, अन् तू बटण दाबलं. विहिरीपाशी उजेड पडला, तू म्हणाला, "एक लागला, मले समजते." मग दुसरं बटण दाबून तू विचारलं, "अन् न्हाणीचा? दुसरा?"

कोणी बोललं नाई. तू पुन्हा विचारलं, "दुसरा लागला का नाई?" तरी कोणी बोललं नाई. मग मुखरूभाऊ घसा खाकरून "लागला लागला" म्हणाला, अन् तुझा चेहरा उतरला. तेव्हापासून गाडीत बसेपर्यंत तू तीन शब्द बोलला असशीन. मले नंतर उमगलं, का तुले काय वाटलं असन.

शफी, दुसरा लागला होता. पांढरा, स्वच्छ, न्हाणीच्या दारापासून कुंपणाच्या काट्यापर्यंत. आम्ही बोललो नाई कारण आफ्रीन पलंगावरून उठली होती. डॉक्टरीणबाईंनी आदल्या दिवशी वाडीपर्यंत चालायची सूट दिली होती, पण ती उठत नव्हती. वाडीकडच्या दाराकडे पाहतही नव्हती, खिडकीले तिनं चादर लावायले लावली होती. ती उठली, भिंतीले धरून मागच्या दाराशी आली. अन् पायरी उतरली. मी "अगं" म्हणायले गेली, कहकशाँनं माझं मनगट धरलं. ती विहिरीपर्यंत गेली, थांबली. मांडवापाशी थांबली. जिथी पडली होती तिथी खाली वाकून मुळी पाहिली. मग पुढे निघाली, एकटी, अन् तिची सावली तिच्या मागे मागे. न्हाणीच्या दाराशी उजेडात उभी राहून तिनं मागे वळून आमच्याकडे पाहिलं, अन् हसली.

तू विचारत होता अन् आम्ही तिच्याकडे पाहत होतो.

बिबट्या अजून पिंजऱ्यात गेला नाई. माझी झोप अजून सावध आहे. पण रोज संध्याकाळी मी अन् ती दोघी मिळून जातो, ती हाक मारते तेव्हा मी ओ देते.

आपा

◆

बल्लारपूर
१६ जानेवारी २००६

आपाले सलाम. बकरीदची मुबारकबाद उशिरा देऊन राह्यलो.

तुझं पत्र कहकशाँनं तीनदा वाचलं.

तुले बरोबर समजलं. त्या संध्याकाळी मले वाटलं, दुसरा दिवा लागलाच नाई, अन् तुम्ही सगळे आंधळ्याचं मन राखून राह्यले. मुखरूभाऊचा "लागला लागला" मले असा लागला का काय सांगू. मूल टेसन गेलं, चांदाफोर्ट गेलं, मी कहकशाँशी बोललो नाई. ती गाडीत दहादा म्हणाली, "लागला होता हो." मले वाटे, हीही त्यांच्यातलीच. घरी आलो तरी वायर मनातल्या मनात पुन्हा पुन्हा सोलत होतो, कुठी चुकलो म्हणून. आठ दिवस झोप नाई.

आफ्रीन उठून गेली, हे मले कोणी सांगितलं नव्हतं. कहकशाँले वाटे, मी तिची पावलं ऐकलीच असतीन. आफ्रीनले म्हणावं, मामूनं तिची पावलं आता मोजली.

आज सकाळी मी चावी मागितली. कहकशाँनं ती काढून हातात दिली. रस्ता मी काठीनं काढला, ती मागून येत होती. कुलपात गंज चढला होता, रॉकेल टाकावं लागलं. शटर वर करायले दोघांचा जोर लागला. आत ॲसिडचा तोच वास. मले वाटलं, पाय मागे येतीन. दोन घडी बाहेरच उभा होतो. शेजारचा चहावाला कप घेऊन आला अन् माझ्या हातात देऊन बाजूले उभा राह्यला. मग आत गेलो. बाकडं जागेवर होतं. पाने भिंतीवर होते, लहानापासून मोठ्यापर्यंत, जसे मी लावले होते.

कहकशाँ झाडू मारत होती तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली. झिंगूचा आवाज आला, "शफीभाऊ, खरंच उघडलं काय? बॅटरी बसली आहे माझी, उतरवू?"

कहकशाँचा झाडू थांबला. मले ऐकू आलं.

मी म्हटलं, "उतरव. अन् चार्जर बंद आहे का नाई, ते पाहून मले मोठ्यानं सांग."

शफी